दोन जिपा, एक नंबर

तुमच्या गाडीतलं काय काय बदललं म्हणजे ती तुमची राहत नाही? टायर? इंजिन? की चेसिस, म्हणजे जिच्यावर सगळी गाडी उभी असते ती खालची लोखंडी चौकट? अख्खी नोकरी पोलीस खात्यात काढूनही मला ते सांगता येत नाही. निवृत्तीच्या थोडं आधीचं एक प्रकरण त्याला कारण आहे. ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

गडमुडशिंगीकडचे एक बागायतदार सकाळी ठाण्यात आले. आदल्या दिवशी बाजारात नेऊन आणलेली, वडिलांच्या वेळची जीप सकाळी शेडमधून गेली होती. फिर्याद नोंदवून घेतली. दुपारीच खबऱ्याचा फोन आला. "साहेब, तसली जीप उद्यमनगरात एका मिस्त्रीच्या शेडमागं हाय. ताडपत्रीखाली."

फिर्यादीला घेऊन गेलो. ताडपत्री काढताच त्यांनी बॉनेटवरच्या पोच्यावरून हात फिरवला. डोळे भरले. "हीच. हा पोचा आबांनी नृसिंहवाडीला जाताना पाडलेला." चेसिस नंबरही कागदाशी जुळला. पंचांनी सह्या केल्या. मिस्त्रीला गाडीत बसवलं तेव्हा गल्ली गोळा झाली होती. त्याला अटक झाली असती तर पुन्हा कुणी त्याच्या हातात गाडी दिली नसती.

"जीप कधी आणलीस?" ठाण्यात आल्यावर मी विचारलं.

"आणली न्हाय साहेब. जमत गेली."

"नीट सांग."

"ह्या मालकास्नी दर खेपेला नवं पायजे. पेट्रोलचं इंजिन काढ, डिझेलचं घाल. स्टेअरिंग जड झालं, पॉवरचं घाल. पत्रा गंजला, नवी बॉडी घाल. शेवटाला चेसिस तडकली, ती बी बदलली. जुनं काय करू म्हटलं की, टाक तिकडं. मी टाकलं न्हाय. जोडलं."

फिर्यादी भडकले. "मग माझी जीप कुठली रं?"

"ते तुम्हीच सांगा की, मालक. वळखली तर तुम्हीच."

मी पुरता गोंधळलो. कागदोपत्री गाडीची ओळख म्हणजे चेसिस नंबर. यांनी केलेले बदल आरटीओत कधी नोंदवलेच नव्हते. म्हणजे फिर्यादीची जीप ही. मग आदल्या दिवशी ते जिच्यातून बाजारात जाऊन आले ती कुणाची? फिर्याद पुन्हा वाचली. त्यात डिझेल जीप लिहिलेलं, शेडमागची पेट्रोलची. "इंजिन बदलायला ह्याला कितीसा वेळ लागतोय?" फिर्यादी म्हणाले. तेही खरंच होतं.

पुन्हा शेडमागे गेलो. आमचे हवालदार वाकून मागच्या बाजूला बघत होते. "साहेब, हिकडं या."

सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीचं मातीचं घर होतं. वाळून कडक झालेलं. आदल्या दिवशी बाजारात फिरलेल्या गाडीत ते टिकलंच नसतं. ही जीप कित्येक दिवस जागची हलली नव्हती. मिस्त्री खरं बोलत होता.

मग खरी जीप गेली कुठे? फिर्यादीच्या घरी गेलो. त्यांचा नोकरीला असलेला मुलगा दारातच उभा होता. दोन प्रश्नांत बोलला. चार्जिंगची नवी गाडी यायची होती, शेडमध्ये जागा नव्हती. जीप त्यानेच भंगारात दिली होती.

"मिस्त्रीला आम्ही उचललं तेव्हा का बोलला नाहीस?"

तो बापाकडे वळला. "पप्पा, त्या जीपमध्ये आजोबांचं काय ठेवलं होतं तुम्ही? सगळं तुम्हीच बदललं. उरलेलं मी बदललं."

मिस्त्रीला सोडलं. फिर्यादी ठाण्याच्या पायरीवर त्याला म्हणाले, "ती आबांची जीप मला दे की."

"कुठली, मालक? चोरीची?" एवढं म्हणून तो चालू लागला.

ती जीप कुणाची, मला आजही कळलेलं नाही. एक मात्र कळलं. नंबर खरा होता, ओळख खरी होती, डोळ्यांतलं पाणीही खरं होतं, आणि तरी एक निर्दोष माणूस आत जाणार होता. कारण ग्रीसने काळ्या झालेल्या हाताकडे बोट दाखवणं आम्हा सगळ्यांना सोपं वाटलं. मालकाच्या घरात विचारावं असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही.

म्हणून एकच विनंती. चोरी झाली तर फिर्याद जरूर द्या, तो तुमचा हक्क आहे. पण बाहेरच्या कुणाचं नाव घेण्याआधी घरातल्या प्रत्येकाला समोर बसवा आणि विचारा.