घरचा डॉक्टर

अकोला सोडलं त्या दिवशी स्टेशनवर काकाजी आले नाहीत. सासूबाईंनी दशम्यांचा डबा हातात दिला. सासरे, जन्मभर कोर्टात बोलत आलेले वकील, प्लॅटफॉर्मवर आमच्या बॅगा मोजत उभे होते. आमची रेवा खिडकीतून आजीला हात करत होती, पण आजी जरा तिच्या उजव्या हाताला सरकली की पोरीला सगळी मान वळवावी लागायची. ते पाहून सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. गाडी हलली की मला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो नुसता राग.

काकाजी म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ. हाडांचे डॉक्टर, गावात नाव असलेले. पण आमच्याकडे हाडंच काय, ताप, खोकला, बाळंतपण, सगळं त्यांना विचारून. त्यांना डावलून दुसऱ्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे घरच्या लग्नाची पत्रिका त्यांनाच न देणं. तुम्ही अकोल्यात राहिलेले सगळे हे जाणता, आणि माझ्यासारखे बाहेर पडलेलेही विसरले नसतील.

रेवा चार वर्षांची होती तेव्हा तिचा गुडघा सुजला. सकाळी उठली की लंगडायची, दुपारी अंगणात पळायची. "पडली असन कुठंतरी. लेकराईचं असंच असते," काकाजी म्हणाले आणि पट्टी बांधली. सूज उतरेना, तेव्हा प्लास्टर घातलं. लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवू या, असं मी एकदा जेवताना बोलले, तर सासूबाईंचा घास थांबला. "घरचा डॉक्टर असताना बाहेर कावून जाता? लोकं काय म्हणतीन त्याले?" नवऱ्याने ताटातून मान वर केली नाही.

काकाजी वाईट असते तर सोपं होतं. ते रेवाला मांडीवर घेऊन प्लास्टरवर चित्रं काढायचे. प्लास्टर निघालं तेव्हा पाय बारीक झाला होता आणि गुडघा सरळ होत नव्हता. आता व्यायाम, म्हणाले. तिला झालं होतं ते त्यांच्या शाखेचं दुखणंच नव्हतं. आणि हे घरात कोणाला म्हणता येत नव्हतं.

शेवटी कौंडण्यपूरला दर्शनाला जातो असं सांगून आम्ही निघालो आणि थेट अमरावती गाठली. तिथल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी दोन्ही पायांचे सांधे दाबून पाहिले. हा संधिवात आहे, मुलांनाही होतो, त्याचे तज्ज्ञ वेगळे असतात, त्यासाठी पुण्याला जावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "डोळे कधी तपासले होते?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. गुडघ्यासाठी डोळे कोण तपासतं? या आजारात डोळ्याला आतून सूज येते, डोळा लाल होत नाही, दुखत नाही, लेकराला काही कळत नाही, हे त्यांनी समजावलं आणि तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी रेवाचा डावा डोळा हाताने झाकला आणि भिंतीवरचं चित्र कशाचं आहे ते विचारलं. रेवा हसली. "हात काढा ना, मंग दिसन."

त्या वाक्यानंतर अकोल्यात राहणं मला जमलं नसतं.

पुण्यात आता आमचा फ्लॅट आहे, सोसायटीचा ग्रुप आहे, दर आठवड्याचं इंजेक्शन आहे. रेवा धावते. 'मले'चं तिने केव्हाच 'मला' केलंय. डाव्या डोळ्याचा फॉलोअप जवळ आला की मी स्वयंपाकात मीठ विसरते. तो डोळा अजून शाबूत आहे. तुम्ही अकोल्याची माणसं फोनवर विचारता, आता बरी आहे ना पोरगी, मग वापस कवा येता? मी विषय बदलते.

गेल्या महिन्यात काकाजींचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिलाच. त्यांच्याकडे एक लहान मुलगी आली होती, गुडघा सुजलेली. रेवाच्या डॉक्टरांचा पत्ता हवा होता.

"तिचे डोळे?" मी विचारलं.

"आजच पाठोलं तपासाले."

पत्ता सांगून झाला तरी त्यांनी फोन ठेवला नाही. मग म्हणाले, "सूनबाई, तुमी तवा मले न सांगता अमरावतीले गेल्या, ते बरं केलं."

"उशिरा गेलो, काकाजी."

ते "हो" म्हणाले. एवढंच.

त्यांना माफ केलं का, मला माहीत नाही. पण अकोल्याचं तिकीट मी काढलंय, दिवाळीचं. जिथे आपल्या माणसाला चुकलं म्हणता येत नाही, ते मी घर मानत नाही. काकाजींच्या त्या "हो"नंतर अकोल्यात निदान एक दार मला उघडं वाटतं. रेवाला मात्र मी अजून सांगितलेलं नाही, की तिचा उजवा डोळा वाचू शकला असता.