पायावरची निळी रेघ

"दुखत नाही, हाच तुमचा आजार आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

यवतमाळच्या दवाखान्यात मी एका स्टुलावर बसलो होतो आणि माझा उजवा पाय समोरच्या दुसऱ्या स्टुलावर होता. अंगठ्याला खालून भोक पडलं होतं. डॉक्टरबाईंनी त्यात एक बारीक सळई घातली आणि आत टकटक केलं. आवाज मला ऐकू आला. "हे हाड आहे. काही जाणवलं?" मी नाही म्हणालो. माझी लेक सुवार्ता दाराशी उभी होती, तिनं तोंड फिरवलं.

याला डायबेटिक फूट म्हणतात. म्हणजे शुगरनं खराब झालेला पाय. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पायाच्या नसा मरतात, त्याला न्यूरोपॅथी म्हणतात. मग काटा गेला, चटका बसला, फोड फुटला, तरी पाय तुम्हाला सांगत नाही. तुम्हाला वाटतं सगळं ठीक चाललं आहे.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. घाटंजी तालुक्यात कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदारी केली. साठीनंतर आमच्या चर्चच्या मंडळीनं मला वडील नेमलं. आमच्याकडे वडील म्हणजे पाळकसाहेबांच्या, म्हणजे पाद्रींच्या, हाताखाली मंडळीचं काम पाहणारा. माझं काम एकच, दर गुरुवारी गावोगाव पायी जायचं आणि आजारी, म्हाताऱ्या माणसांच्या घरी गुडघे टेकून प्रार्थना करायची. शुगर असलेले आणि गुडघे टेकणारे माझ्यासारखे आमच्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितो. लाज वाटते तेही लिहितो.

माझी बायको मार्था दवाखान्यात आया होती. तिला हे सगळं माहीत होतं. रोज जेवण झालं की ती माझे पाय मांडीवर घ्यायची, धुवायची, बोटांच्या मधे फडक्यानं पुसायची, टॉर्च लावून तळवे पाहायची. पंधरा वर्षं. मी त्या वेळी दुसऱ्या दिवशीचं बायबलचं वचन पाठ करत बसायचो. तिच्याकडे पाहतही नव्हतो. एकदा ती म्हणाली, "प्रभूनं शिष्यायचे पाय एकदाच धुतले. मी रोज धुते, मले कोणी वडील नाही नेमलं." मी हसलो आणि पुन्हा पाठांतराला लागलो.

या जानेवारीत ती गेली. छातीत दुखलं आणि तासाभरात संपलं. गुरुवार होता. मी पाच कोसांवरच्या गावात दुसऱ्याच्या बायकोसाठी प्रार्थना करत होतो. ती बाई बरी झाली.

माती झाल्यावर मी नवस केला. चाळीस दिवस पहाटे प्रार्थनाघरात जाऊन तासभर गुडघे टेकायचे, सतरंजी न घेता. लोकांना वाटलं म्हातारा भक्तीत गेला. खरं सांगतो, मला देवाचा राग आला होता आणि तो राग मी त्याच्यासमोर बसून काढत होतो. गुडघे टेकताना माझी सवय अशी की पायाची बोटं मागे दुमडून जमिनीवर रोवायची. सगळं वजन अंगठ्यांवर. सिमेंटची खरबरीत फरशी. गुडघे ठणकायचे, पाय मात्र काहीच म्हणायचे नाहीत. मला ती कृपा वाटली.

विसाव्या दिवशी फरशीवर रक्ताचा डाग दिसला. मी फडक्यानं पुसला आणि मनात देवाला म्हणालो, घे. अंगठ्याला हळद लावली आणि मोजा चढवला. तो मोजा कित्येक दिवस काढलाच नाही.

एकतिसाव्या दिवशी सुवार्ता आली. ती मुकुटबनला दिली आहे, अंगणवाडीत काम करते. घरात पाऊल टाकताच म्हणाली, "बाबा, उंदीर मरून पडला काय कुठं? वास येऊन राह्यला." तिनं खाटेखाली झाडलं, धान्याची कोठी सरकवली, कपाटामागं पाहिलं. उंदीर नव्हता. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, पायाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मोजा काढा." मी काढत नव्हतो. लेकीनं बापाच्या पायाला हात लावावा हे मला बरं वाटेना. तिनं ओढूनच काढला.

त्याच दिवशी आम्ही यवतमाळला आलो. एक्स-रे झाला. अंगठ्याचं हाड सडलं होतं, त्याला ऑस्टिओमायलिटिस म्हणतात, म्हणजे हाडात गेलेला पू. मग डॉपलर झाली. पायावर थंड जेली लावून एक यंत्र फिरवतात आणि त्यातून रक्त वाहण्याचा आवाज येतो, ओढ्यात पाणी चालल्यासारखा. डॉक्टरबाई म्हणाल्या, "रक्त पोचतंय, हे तुमचं नशीब. अंगठा काढावा लागेल. पाय वाचवायचा प्रयत्न करू."

मग त्यांनी खिशातून निळा बॉलपेन काढला. अंगठ्यापासून पावलाच्या मध्यापर्यंत कातडी लाल होऊन सुजली होती. त्या लालीच्या कडेकडेनं त्यांनी रेघ ओढली. शेतात बांध घालावा तशी. "ही लाली रेघेच्या आत राहिली तर औषध काम करतंय. रेघ ओलांडून घोट्याच्या वर गेली तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. तुमचा जीव वाचवायला." बाई तरुण होत्या, पण फिरवून बोलायच्या नाहीत. मला तसंच लागतं.

अंगठा गेला. कमरेत सुई देऊन केलं, त्यामुळे मी जागा होतो. दुखलं नाही, पण आवाज सगळे आले.

माझ्या शेजारच्या खाटेवर पाईकराव होते. एसटीचे रिटायर ड्रायव्हर, ढाणकीकडचे, बौद्ध माणूस. त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून आठ दिवसांपूर्वीच काढला होता. पहिल्याच दिवशी जयभीम घातला आणि म्हणाले, "काय करता तुम्ही?"

"लोकांसाठी प्रार्थना करतो."

"मंग सोतासाठी करायची राहून गेली वाटते." आणि स्वतःच हसले. "मायासाठी नका करू बरं, पाळकबुवा. उगाच पाय परत फुटला तं बूट एकच ठेवला मी घरी."

मी पाळक नाही, वडील आहे, असं दोनदा सांगितलं. त्यांनी पाळकबुवाच चालू ठेवलं.

रोज सकाळी सिस्टर ड्रेसिंग सोडायच्या आणि मी, सुवार्ता आणि पाईकराव तिघंही रेघेकडे पाहायचो. दुसऱ्या दिवशी लाली रेघेला टेकून होती. तिसऱ्या दिवशी बोटभर आत सरकली. सिस्टर म्हणाल्या, "छान आहे बाबा. फक्त पाय खाली टेकवायचा नाही. अजिबात नाही." त्याला ऑफलोडिंग म्हणतात. म्हणजे जखमेवर शरीराचं वजन येऊ द्यायचं नाही. औषधाइतकंच ते महत्त्वाचं आहे. हे वाक्य दोनदा वाचा.

कारण मी ते ऐकलं नाही.

माझ्या डोक्यात नवस होता. नऊ दिवस उरले होते आणि त्यातले तीन वाया गेले होते. मला वाटायचं, मार्था गेली तेव्हा मी जागेवर नव्हतो, आता एवढंही पुरं करता येत नाही. चौथ्या दिवशी पहाटे सुवार्ता चहा आणायला खाली गेली. मी खाटेवरून उतरलो, खाटेचा दांडा धरला आणि गुडघे टेकले. बोटं सवयीनं मागे दुमडली. अंगठा नव्हता, तर वजन दुसऱ्या बोटावर आणि टाक्यांवर आलं. मला काहीच कळलं नाही. मी डोळे मिटून मार्थाचं नाव घेत होतो.

"पाळकबुवा," पाईकराव हळूच म्हणाले. "ओ पाळकबुवा. मांगं पाहा."

ड्रेसिंग लाल झालं होतं आणि फरशीवर थारोळं साचत होतं. पाईकरावांनीच ओरडून सिस्टरना बोलावलं. त्यांनी आणि वॉर्डबॉयनं मला उचलून खाटेवर टाकलं. टाके उसवले होते. सिस्टरनी जखमेवर कापूस दाबून धरला आणि पट्टी घट्ट बांधली.

सुवार्ता चहाची किटली घेऊन आली आणि तिनं पाहिलं. किटली खाली ठेवली. "आई गेली तवा तुमी गावाले होते, मी काहीच नाही बोलले," ती म्हणाली. "लोक म्हणत होते देवाचं काम हाय, मी मान हालवली. आता तुमी मायासमोर मरून राह्यले. हे बी देवाचंच काम हाय काय? सांगा ना."

मी पांघरूण पायावर ओढून घेतलं. मी पंधरा वर्षं लोकांना उत्तरं देत आलो.

संध्याकाळी ताप आला. सकाळी ड्रेसिंग सोडलं तर लाली निळ्या रेघेच्या दोन बोटं बाहेर होती. डॉक्टरबाईंनी लालीच्या कडेला बोटानं दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, "आज पुन्हा थिएटरमध्ये घेते. दुसरं बोट काढते, सडलेलं मांस काढते." त्याला डिब्राइडमेंट म्हणतात, म्हणजे खराब भाग खरवडून काढणं. त्यांनी घोट्याच्या जरा खाली नवी रेघ ओढली. "आता याच्या वर जागा नाही. तीन दिवस बघू. आजोबा, तुम्हाला कुणासाठी गुडघे टेकायचे असतील तर आधी गुडघा राहू द्या."

ऑपरेशन झालं. मग ते तीन दिवस.

भिंतीवरच्या घड्याळाकडे मी पाहत नव्हतो, सलाइनच्या बाटल्यांवरून वेळ कळायची. पाय उशांवर ठेवलेला. ड्रेसिंग दिवसातून एकदाच सुटायचं, मधे काही दिसायचं नाही. पाय गरम वाटतो का म्हणून सुवार्ता पोटरीला हात लावून पाहायची. आता मी तिला अडवत नव्हतो. पाय गेला तर कोणत्या गावाला जाणार, कोणाच्या दारात उभा राहणार, हाच विचार. चालणं आणि गुडघे टेकणं, माझ्याकडे देवाला द्यायला एवढंच होतं. वाचन मला अडखळत येतं, गाण्याचा गळा नाही.

हे मी पाईकरावांना बोललो, मार्था रोज पाय धुवायची तेही सांगितलं. ते छताकडे पाहत होते. म्हणाले, "चौतीस वर्सं गाडी हाकली मी. पाय गेला तवा वाटलं, ड्रायव्हर मेला. मंग नातू आला अन् म्हणे, आबा, उमरखेडच्या घाटात गेअर कवा बदलाचा ते सांगा. अर्धा तास सांगत बसलो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मले देवातलं काही समजत नाही. पण तुमच्या देवाले गुडघ्याचीच भाषा समजते काय? बाईमाणूस रोज पाय धुत होती म्हणता तुमी. ते काय होतं मंग?"

मी भिंतीकडे तोंड केलं. मार्था गेल्यापासून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. त्या दुपारी आलं, आणि पाईकरावांनी रेडिओ जरा मोठा केला, म्हणजे वॉर्डात कोणाला ऐकू जाऊ नये.

पहिल्या सकाळी लाली रेघेला टेकून. दुसऱ्या सकाळी तिथंच. डॉक्टरबाईंनी अँटिबायोटिक बदललं. तिसऱ्या सकाळी सिस्टरनी पट्टी सोडली आणि सुवार्तानं डोळे मिटून घेतले. मी पाहिलं. रेघ आणि लालीच्या मधे माझ्या मूळच्या काळ्या कातडीची पट्टी दिसत होती. करंगळीएवढी.

"आत हाय," पाईकराव त्यांच्या खाटेवरून म्हणाले.

महिनाभर दवाखान्यात राहून मी घरी आलो. दोन बोटं गेली, पाय राहिला. पुढं मऊ तळ असलेला खास बूट मिळाला. गुडघे टेकायची कायमची मनाई आहे. नवसाचे नऊ दिवस राहिले ते राहिले.

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या मंडळीत पाय धुण्याचा विधी असतो. दरवर्षी पाळकसाहेबांबरोबर मी दुसऱ्यांचे पाय धुवायचो. या वर्षी त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि डावा, धड पाय घमेल्यात घेतला. मला फार अवघड वाटलं. धुणाऱ्याला काही वाटत नाही, अवघड जातं ते पाय पुढं करणाऱ्याला. पंधरा वर्षं मी तो रोज पुढं केला आणि मला कधी अवघड वाटलं नाही, कारण मी पाहतच नव्हतो.

आता मी गुरुवारी ऑटोनं जातो, दोनच गावं होतात. घरात गेलो की स्टूल मागतो आणि आधी म्हणतो, पाय दाखवा. लोक हसतात. बायका लाजतात, मग सुनेला समोर बसवून दाखवतात. मागच्या गुरुवारी एका म्हाताऱ्या बाईच्या टाचेत मला बाभळीचा काटा दिसला, अर्ध्या बोटाएवढा, भोवती पिवळं झालेलं. ती म्हणाली, "कवा गेला बाई हा? मले तं काही दुखत नाही." मी तो उपटला नाही, तसं करायचं नसतं. तिच्या लेकाला त्याच ऑटोत बसवून तिला दवाखान्यात पाठवलं. प्रार्थना राहून गेली. मी एसटीनं परत आलो.

शुगर असेल तर रोज पाय पाहा. दुखण्याची वाट पाहू नका. दिसत नसेल तर दुसऱ्याला दाखवा, लाजू नका. एकटे असाल तर आरसा घ्या.

माझा आरसा मार्थाचा आहे, भांग पाडायचा, हातात मावेल एवढा. रात्री जेवण झालं की मी खाटेवर बसतो, टॉर्च लावतो आणि तो तळव्याखाली धरतो. आधी उजवा, मग डावा. बोटांच्या मधे फडकं फिरवतो. तेवढा वेळ मी दुसरं काहीही पाठ करत नाही.