फ्लेमिंगो मोजणाऱ्या बाई

पनवेलहून उरणला नोकरीवर जाताना जासईच्या पुढे बांधावर एक बाई दिसायच्या. डोक्यावर टोपी, तिकाटण्यावर दुर्बीण, आणि मोजताना ओठ हलत असायचे. भरावाने मेलेल्या तिथल्या पाणथळीत चर खोदून खाडीचं पाणी पुन्हा सोडलं होतं. ते पुरतंय का, हे पक्ष्यांवरून ठरवणं त्यांचं काम.

एकदा माझी स्कूटर तिथेच बंद पडली. समोर फ्लेमिंगोंची दाटी होती आणि एक कोळी आजोबा बाईंच्या मागे लागले होते.

"म्याडम, आता तरी लिवा, पानी सुधारला! का त्यांची लग्नपत्रिका पायजे?"

बाई हसल्या, पण डोळा दुर्बिणीलाच. "नुसते उभे आहेत, काका. एकाचीही चोच चिखलात नाही. पाहुणे ओटीवर टेकले, म्हणजे घरात जेवण शिजलं असं होत नाही."

"पन लिवायला काय जाते?"

"सुधारलं म्हटलं, की पुढचं खोदकाम बंद. मग तुमची मासळी आत येणार कुठून?"

एवढी देखणी गर्दी समोर असताना 'अजून नाही' म्हणायला धमक लागते. बाईंपाशी ती होती.

"मंग नका लिवू," आजोबा म्हणाले. "कोनी इचारला तं आमी पन सांगू, उपाशीच हायत."