आटवलेलं पाणी

आमच्या नाकाडोंगरीकडच्या गावात बाळंतिणीला पाणी आटवून देतात. गंजभर पाणी चुलीवर ठेवायचं आणि अर्धं उरलं की उतरवायचं. माझी मुलगी लहानपणी सारखी आजारी पडायची, म्हणून मी तिलाही तसंच पाणी द्यायला लागले. दहा वर्षांची होईपर्यंत तिच्या पाण्याची गुंडी वेगळी होती. थोरला मुलगा दांडगा, तो हातपंपालाच तोंड लावायचा. शेजारणी म्हणायच्या, हिला पोरीचं फार कौतुक. होतंच. त्याचा तोराही होता मला, खोटं कशाला बोलू?

तिचे दुधाचे दात पडले आणि नवे आले ते तपकिरी पट्ट्यांचे. मुलाचे मात्र जरा पिवळसर, बस्स. मी कोळसा लावला, मीठ लावलं, आणि नीट घासत नाही म्हणून तिला दोनदा मारलंही. पुढे ती हसताना तोंडावर हात धरायला शिकली.

यंदा ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आल्या दिवशीच मी चूल पेटवून गंज चढवला. तिनं मोबाइलवर पाण्याविषयी बरंच काही वाचलं होतं.

"माय, आपल्या बोरिंगचं पाणी तपासून घेऊ. मले भेव वाटून राहिलं."

मला राग आला. जन्म गेला त्या बोरिंगच्या हातपंपाच्या पाण्यावर, आता मोबाइल शिकवणार! तरी तिच्यासोबत तुमसरला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत गेले. तिनं एक बाटली हातपंपाची भरली होती. मी हट्टानं दुसरी भरून घेतली, माझ्या आटवलेल्या पाण्याची. मायच्या हातचं पाणी कसं असतं ते तिला दिसू दे, असं मनात होतं.

निकाल घ्यायला पुन्हा दोघीच गेलो. दोन्ही बाटल्यांत फ्लोराइड जास्त निघालं, आणि माझ्या बाटलीत पहिलीपेक्षाही जास्त.

तपासणाऱ्या बाईंनी मला खुर्चीवर बसवलं. "काकू, उकळल्यानं जंतू मरते, हे नाही मरत. पाणी वाफ होऊन उडून जाते, हे गंजातच राहते. लहान लेकराच्या पोटात जास्त गेलं त दातावर डाग येते."

रस्सा आटला की खारट होतो. चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईला हे कुणी सांगायला हवं होतं का? मला माझीच लाज वाटली.

परतीच्या एसटीत तिनं विचारलं, "माय, दादा लहानपणी कोणतं पाणी पेत होता?"

"बोरिंगचं."

"अन् मी?"

तिला ठाऊक होतं. तरी मला सांगावं लागलं. "तुले आटवून देत होती मी. रोज."

तिचा हात सवयीनं तोंडावर गेला आणि गाव येईपर्यंत तिथेच राहिला.