म्हशीचा खुराक

समोरच्याचं नाव विचारण्याआधी त्याचं मनगट धरून बघायची आमच्या वस्तादांची खोड होती. ऐंशीच्या सुमारास मी पंचवटीतल्या त्यांच्या तालमीत गेलो. पोलीस भरतीत वजन तीन किलो कमी भरलं म्हणून परत आलेलो, आणि पुढच्या खेपेनंतर वय उलटणार म्हणून धास्तावलेलो. वस्तादांनी मनगट धरलं आणि हसलेच. "हा तर बोरू हाय!" नाव विचारलंच नाही. मग अख्ख्या तालमीचा मी बोरूच झालो.

वस्तादांचा जीव दोनच गोष्टींत, तालमीची माती आणि त्यांची म्हैस. शेजारच्या डेअरीत चक्का बांधत, पनीर करत. त्याचं उरलेलं पाणी वस्ताद रोज सकाळी म्हशीसाठी आणत. बोट बुडवून चाटत आणि सांगत, "हे चक्क्याचं, आंबट. ह्यात साधं पाणी घाल. हे पनीरचं, तसंच ठेव." एकदा मी विचारलं, आपण प्यायलं तर? "पैलवानानं दूध प्यावं. पाणी जनावराला." विषय संपला. म्हैस मात्र अशी तुकतुकीत, की बघत राहावं.

मग दुबईहून आलेल्या मावसभावानं मला ताकदीच्या पावडरीचा डबा दिला. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं, 'व्हे'. म्हणजे काय, तालमीत कुणालाच ठाऊक नाही. वाचनालयात जाऊन शब्दकोश उघडला आणि धावतच परत आलो.

"वस्ताद, दही बांधल्यावर, दूध फाडल्यावर उरतं ना, ते पाणी! तेच वाळवून डब्यात भरलंय!"

वस्ताद मटकन ओट्यावर बसले. म्हशीकडे बघत म्हणाले, "आयला! म्हंजे वीस वर्षं मी पैलवान गोठ्यात घडवला!"

दुसऱ्या दिवशी पहिला तांब्या त्यांनी स्वतः घेतला, तोंड वाकडं केलं आणि दुसरा माझ्या हातात दिला. "पी, आन् बैठका मार." माझा डबा मात्र चमच्या-चमच्यानं म्हशीच्या आंबोणात जाऊ लागला. मी कुरकुरलो, तर वस्ताद म्हणाले, "तिचा खुराक आपण तोडला. तिला नको व्हय काही?"

आता नातू मला डब्यांतले प्रकार समजावतो, हे नुसतं आटवलेलं, हे गाळून दुधातली साखर काढलेलं. वस्ताद जाऊन कितीतरी वर्षं झाली. असते तर आधी बोट बुडवून चाटलं असतं. मला राहून राहून आठवतो तो भरतीचा दिवस. पाण्यानं की बैठकांनी, देव जाणे, पण वजन भरलं. बाहेर फाटकाशी वस्ताद उभे होते. पाया पडायला वाकलो, तर त्यांनी मधेच मनगट धरलं. दाबून बघितलं. पुन्हा दाबलं.

"हं. आता नाव सांग."

नाव सांगता सांगता मला रडूच फुटलं.