मला भाकरी येत होती

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, मस्कतातल्या जुन्या सोबत्यांना नाही, आणि सुमनला, माझ्या बायकोला, तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही तिच्या ओळखीचे नाही, म्हणून असेल.

आधी त्यातलं बरं तेवढं सांगतो. मी मस्कतात सव्वीस वर्षं एसी दुरुस्त केले. एका खोलीत आम्ही सहा जण, स्वयंपाक पाळीपाळीनं. माझी पाळी शुक्रवारी, आणि अख्खी खोली शुक्रवारची वाट बघायची. सोलापुरातून नेलेलं ज्वारीचं पीठ, पातळ भाकरी, झणझणीत पिठलं. केरळचे दोघे तर बोटं चाटायचे. सांगायचं एवढंच, की मला स्वयंपाक येत होता. चांगला येत होता.

घरी मात्र — आता कसं सांगू? पहिल्या सुट्टीला आलो तेव्हा सुमननं विचारलं, "तितं जेवता तरी काय?" मी तोंड बारीक करून म्हणालो, हॉटेलातलं, मिळेल ते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्या ताटात शेंगापोळी. पुढं दोन महिने मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलावा लागला नाही. अशी सोय कोण मोडेल? मग दर सुट्टीला तेच. चहाही जमत नाही, म्हणायचो. निवृत्त होऊन कायमचा परत आलो, तरी मी आपला आयत्या ताटावर.

दोन वर्षांपूर्वी सुमनच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाले. तेव्हा मी कशात कमी पडलो नाही, हं. फाइल माझ्या काखेत, रिक्षावाला ठरलेला, ताप मोजून वहीत, शहाळं वेळेवर. तिचे केस गेले तसा मीही डोकं भादरून आलो — टक्कल आधीच होतं म्हणा, त्याग फार मोठा नव्हता. शेजारच्या पद्माक्का गल्लीभर सांगायच्या, नवरा असावा तर असा. मी ऐकून घ्यायचो.

आणि स्वयंपाक? केमोनंतर तीन दिवस पद्माक्कांचा डबा यायचा. चौथ्या दिवशी सुमन ओट्याला धरून उभी. "तुमाला बाहेरचं सोसत न्हाय की," म्हणायची. मी भाजी चिरायलाही पुढं झालो नाही. सुरी हातात सराईत चालली असती, तिला लगेच कळलं असतं — हा असला हिशोबी माणूस मी.

चौथ्या केमोनंतर एका संध्याकाळी तिला स्वतःच्या बोटांवर भाजल्याचे फोड दिसले. कधी भाजलं ते तिला कळलंच नव्हतं. औषधानं बोटं बधिर झाली होती. दुसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकघरात खुर्ची टाकली आणि मला हाक मारली. "या हिकडं. माझ्या हातांचं आता काय खरं न्हाय. शिका."

मी शिकलो. म्हणजे शिकायचं नाटक केलं, आणि काय फक्कड केलं! पहिली भाकरी मुद्दाम वेडीवाकडी थापली. तिनं बघितली आणि विचारलं, "ही भाकरी हाय का कर्नाटक?" केस गेल्यापासून पहिल्यांदा ती पोट धरून हसली. आठवड्याभरात मी पापुद्रा सुटलेली भाकरी तिच्या हातावर ठेवली, तेव्हा तिनं ती पद्माक्कांना नेऊन दाखवली.

आता तिचे रिपोर्ट चांगले आहेत. तीन महिन्यांनी तपासणी, मधल्या काळात मला ओरडणं. करकंबहून तिच्या माहेरची माणसं आली की ती मला ओट्यापाशी उभं करते आणि सांगते, "आजारपणानं एक लई बरं केलं बघा. ह्यांना भाकरी आली. मी शिकवली." मी मान डोलावतो. मला ते आवडतंही.

इथं थांबलो तर तुम्ही म्हणाल, लबाड आहे, पण गमत्या आहे. मीही स्वतःला इथपर्यंतच सांगत आलो. पण एक दुपार मी गाळली.

ते फोड तिनं संध्याकाळी बघितले. मी दुपारीच बघितले होते.

तव्यावरची भाकरी हातानं उलटायची तिची सवय. ती वाढायला वाकली, तेव्हा तिची दोन बोटं माझ्या नाकासमोर होती — लाल, टरारून फुगलेली. आणि तिला पत्ताच नाही. तेव्हा मला म्हणता आलं असतं, बस तू, उरलेल्या मी थापतो. शब्द तोंडाशी आलेही होते. पकडलो जाईन ही भीती होती का? थोडी. खरं म्हणजे भाकरी गरम होती आणि मला भूक होती.

मी म्हणालो, "अजून अर्धी दे."

"अर्धी कशाला?" ती म्हणाली, आणि भिंत धरत धरत ओट्याकडं गेली. तिनं अख्खी थापली. मी ती खाल्ली.