बायआतेची पानथरी

बायआतेला भांडण वर्ज्य नव्हतं, पण ते समोरासमोर हवं. कुणी मागून काही बोललं असं कानावर आलं की ती सरळ त्या घराच्या पायरीवर जाऊन बसे, पानाला चुना लावी आणि शांतपणे म्हणे, "आता माझ्या तोंडार सांग." बहुतेकांना नेमकं तेव्हाच चुलीवर काहीतरी करपल्याचा वास येई.

ती माझी आत्या, तारकर्लीत आमच्याच वाडीत दिलेली. यजमान बोटीवर नोकरीला, वर्ष वर्ष घरी नसत. अशात तिचं पोट वाढू लागलं. चेहरा पांढराफटक, विहिरीपर्यंत गेली तरी धाप, आणि पोट मात्र पुढे. शेजारच्या सावित्रीकाकीने बोटीचा हिशेब घातला आणि विहिरीवर जाहीर केलं, "घोव दर्यात, नि हिचा ह्या असा."

बायआते तिच्या पायरीवर गेली, पण भांडली नाही. "मालवणच्या डाक्टरान पानथरी वाढली म्हणून सांगल्यान. बेळगावाक ऑपरेशन आसा. तूच चल माझ्यावांगडा. डोळ्यांनी बघ, मगे गावभर सांग." काकीने लुगड्यांचं बोचकं बांधलं.

माझ्या वडिलांबरोबर दोघी एसटीने घाट चढल्या. तिथल्या सर्जनने समजावलं, "बाई, वारंवार हिवताप येऊन पानथरी, म्हणजे प्लीहा, फुगली आहे. जुनं रक्त गाळणं तिचं काम, पण आता ती चांगलंही खाते आहे. धक्का लागून फुटली तर जीवावर बेतेल."

"म्हणजे काम सोडून खाऊकच बसली आसा," बायआते म्हणाली. "काढा तिका."

रक्त लागणार होतं. वडिलांचं जुळलं नाही, काकीचं जुळलं. टेबलावर जाताना बायआते सर्जनला म्हणाली, "हिचा रगात माझ्या आंगात जातला. माका चुगल्यो करूची सवय लागली तर तुमी जबाबदार."

दार बंद झालं आणि काकीचा धीर सुटला. तिने भराडीदेवीला नवस केला, "हिका जगव. मी वर्षभर कोणाचा काय बोलूचंय नाय." मग थोडा विचार करून म्हणाली, "अवसेपर्यंत."

सर्जनने बाहेर येऊन ट्रेमधली पानथरी दाखवली. चांगली कोहळ्याएवढी. काकीने दोन्ही हातांनी तिचं माप घेतलं.

बायआते गावी परतली ती पोट सपाट होऊन. आता खरं काय ते काकीने सांगायचं. पण नवसाची अवस अजून लांब होती. कुणी विचारलं की ती पदर तोंडात धरून निघून जाई. त्यामुळे उलट सगळ्यांचा संशय पक्का झाला. शेवटी बायआतेच कावली, "अगो, आयुष्यभर बोललंस, नि आताच गप कित्याक?" अवस उलटली आणि काकी सुटली. गणपतीपर्यंत त्या कोहळ्याचा फणस झाला होता.

पानथरी नसलेल्या माणसाने ताप अंगावर काढू नये, असं सर्जनने बजावलं होतं. तेव्हापासून काकी रोज सकाळी येऊन बायआतेच्या कपाळाला हात लावी. "शिरा पडो, मी मरत नाय," म्हणत बायआते कपाळ पुढे करी.

पुढे यजमानांना मुंबईत धक्क्यावरची नोकरी मिळाली आणि ते तिला न्यायला आले. मालवणच्या बंदरावर काकीने कोकमाच्या सोलांचं पुडकं दिलं, पण बायआतेशी ती एक शब्द बोलली नाही. बोलली ती यजमानांशी. "भावोजी, हिका ताप इलो तर काढ्यार रवा नकात. त्याच दिसा डाक्टर. तुमी दर्यात होतास, तुमका काय म्हायत नाय."

पडाव आगबोटीकडे निघाला. काकी गुडघाभर पाण्यात शिरून बोलतच राहिली. लाटांच्या आवाजात तिकडे काही पोचत नव्हतं. पण बायआते पडावात उभी राहून, दिसेनाशी होईपर्यंत होकाराची मान डोलवत होती.